चार वाजताची घरघर

"तुमच्या घरात चार वाजता कॉफी कोण दळतं? भूत?" हा प्रश्न घरी विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी आमच्या चिमणीशी लावली होती. अभ्यासाला आलेल्या असताना अडगळीच्या बंद खोलीतून त्यांनी माझी घरघर ऐकली होती.

मित्रांनो, मी एक जुनी हातचक्की आहे, कॉफीचे दाणे दळायची. डोक्यावर पितळी वाटी, पोटात पोलादी दाते, खाली लाकडी खण. चिमणीच्या आत्याने मला पहिल्या पगारातून आणलं. तिचे नियम कडक होते. चारच्या कॉफीचे दाणे आयत्या वेळी दळायचे. पाणी उकळलं की गॅस बंद करून पन्नासपर्यंत मोजायचं. आधी घोटभर पाण्याने पूड फुगू द्यायची, मग बाकीचं बारीक धारेने ओतायचं. मोजायचं काम धाकट्या भावाचं, म्हणजे चिमणीच्या बाबांचं. चाळीसवरून थेट पन्नासवर उडी मारली की टपली बसायची. पाहुणे कपाचा तळ दिसेपर्यंत प्यायचे, आणि मी खण मिटून ऐटीत बसायचे.

आत्या गेली. घरात बरणीतली तयार पूड आली आणि मी अडगळीत गेले.

तरी कामावरची सकाळची पाळी संपवून बाबा रोज चारला येतात, दार लावतात आणि मला फिरवतात. रिकामीच. मग मोजू लागतात. पाणी नसतं, कप नसतो. चाळीसवरून मुद्दाम उडी मारतात आणि मान खाली घालून थांबतात. खोलीत काहीच होत नाही. मित्रांनो, मला वेगळीच काळजी आहे. रिकामं फिरून माझे दाते झिजत चाललेत. आणखी काही महिने, मग मला दाणेसुद्धा दळता येणार नाहीत आणि आत्याची कॉफी कायमची संपेल.

रविवारी चिमणीने मला उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि पैजेचा प्रश्न विचारून टाकला.

आईच बोलली, "मला वाटायचं वन्संच येतात. म्हणून मी चारला तिकडे फिरकत नाही. जिवंतपणी माझ्या कॉफीला नावं ठेवली, आता काय सोडणार होत्या?"

बाबा हसले नाहीत. "मीच असतो," ते म्हणाले. "रिकामीच फिरवतो. दाणे घातले की वास सुटेल. वास सुटला की ताई आतून हाक मारेल असं वाटेल. आणि ती मारणार नाही."



मित्रांनो, एवढंच मागते. आपल्या माणसाची वस्तू जपायची तर तिला तिचं काम द्या. रिकामं फिरवू नका.

चिमणीने माझ्या वाटीतली धूळ ओढणीने पुसली. "आई, बाबा, उद्यापासून चारची कॉफी मी करणार," तिने जाहीर केलं. "पहिले आठ दिवस बिघडेल. बिघडली तरी दोघांनी माझ्यासमोर बसून प्यायची."