आठ तांबडे, एक काळा

आमच्या घरात माणसांच्या आधी माशांचं जेवण होतं, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. माझा नवरा थेक सेंग चाळीस वर्षं घरातच डिस्कस मासे वाढवतोय. मागच्या अंगणातल्या टाक्या विकायच्या माशांच्या. पण बैठकीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर मोठी टाकी आहे, तिच्यातले नऊ मासे कुणी कितीही मागितले तरी द्यायचे नाहीत. बशीएवढे गोल, चपटे, तांबडेलाल. दुपारी टाकीतला दिवा लावला की भिंतीभर पाणी हलतं, आणि मलेशियातल्या आमच्या बुकित मर्ताजम गावाच्या उकाड्यात बसल्या जागी डोळा लागतो.

दिसायला गरीब, पण एकेक महाबिलंदर. त्यांच्यात एक दादा असतोच, आणि दादाला मारायला कुणीतरी लागतोच. थेक सेंग म्हणतो, चार ठेवले तर एकाचा जीव जातो, नऊ ठेवले की मार वाटला जातो. यंदा काही वाटला जाईना. सगळा एकाच्याच वाट्याला आला, आणि तो बिचारा मार खाऊन खाऊन काळवंडला. डिस्कसचं हे असंच असतं, भीती अंगावर दिसते. कोपऱ्यात डोकं खाली घालून उभा राही, दाण्याला तोंड लावत नसे.

त्याच आठवड्यात थेक सेंगच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, पलीकडे बेटावरच्या इस्पितळात. निघताना चपला घालता घालता त्याने मला बजावलं, ऐक हून, काळ्याला हलवू नकोस, दादाला धर. काळ्याला काढलंस तर दादा मारायला दुसरा कुणी शोधेल. दादाला टाकीतच जाळीच्या आड ठेव आठ दिवस, टाकीतला ओंडका इकडचा तिकडे कर, म्हणजे तो परत येईल तेव्हा कुठली जागा कुणाची हेच कुणाला आठवणार नाही. आणि मी येईन तेव्हा मला नऊच्या नऊ दिसले पाहिजेत. स्वतःच्या छातीबद्दल अवाक्षर नाही. असा राग आला ना मला.

मी जाळं घेऊन टाकीपाशी गेले, तर सासूबाई आडव्या आल्या. आमच्या चिनी घरांत जुनी माणसं टाकीत आठ तांबडे आणि एक काळा मासा ठेवतात. आठ बरकतीचे, नववा घरावरची पीडा अंगावर घेणारा. तो मेला तर कुणी हळहळत नाही, मोठं काहीतरी टळलं म्हणतात. हा रिवाज सोनमाशांचा, डिस्कसचा नव्हे. पण शहाऐंशी वर्षांच्या बाईला कोण सांगणार? नेमका आत्ताच एक मासा आपणहून काळा झाला, हे आभाळानेच धाडलंय, असं त्यांनी धरलं. मुलगा घरी येईपर्यंत काळ्याला कुणी वाचवायचं नाही.

माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर. पण खोटं कशाला बोलू, माझाही हात पुढे होईना. उद्या काही बरंवाईट झालं तर? त्यांनी जन्मभर ऐकवलं असतंच, पण त्याआधी मीच मला ऐकवलं असतं.

मग तीन दिवस आम्ही दोघी त्या उजेडासमोर बसून राहिलो. पाण्याचे बुडबुडे वर जात होते, दिवस कुठे सुरू होतो नि कुठे संपतो कळत नव्हतं. एकदा बसल्या बसल्या मला स्वप्न पडलं. थेक सेंग काचेच्या पलीकडे चपला घालून चालतोय, काहीतरी सांगतोय, आणि मला नुसते बुडबुडे दिसताहेत. जागी झाले तर कुशीत जाळं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काळा आडवा पडला होता. कल्ले तेवढे हलत होते. मी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"मरू दे त्याला. माझ्या मुलाच्या जागी जातोय तो."

"आई, तो शुद्धीवर आला की पहिलं या माशाचंच विचारेल. काय सांगू मी त्याला?"

बराच वेळ त्यांनी दंड सोडला नाही. मग सोडला आणि आत निघून गेल्या. मी दादाला पकडलं, जाळीआड टाकलं, ओंडका फिरवला. मागे वळले तर सासूबाई उभ्या. अंगात काळा सदरा, काळी विजार. सासरे गेले तेव्हा घातलेले कपडे. मुलगा ऑपरेशनच्या टेबलावर, आणि हिने घरात काळं घालावं?

त्यांनी वेताची खुर्ची ओढत आणली आणि टाकीच्या त्याच कोपऱ्याला लावली.

"टाकीत काळा नको ना तुला? मग घरात एक हवा," त्या म्हणाल्या. "माझं सगळं खाऊनपिऊन झालंय. यायचं ते येऊ दे माझ्यावर."

चाळीस वर्षं मी या बाईशी भांडत आले. त्या दिवशी तिच्या पायाशी बसून रडले.

चार वाजता फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. म्हटलं, आता तरी उठा. तर म्हणे, घरी येऊ दे. अकरा दिवस त्या तिथेच बसल्या. तांदळाची पेज तिथेच प्यायल्या. रात्री मी ते कपडे धुऊन पंख्याखाली वाळवायचे, सकाळी पुन्हा अंगात तेच. पाचव्या दिवशी काळ्याने एक दाणा उचलला. नवव्या दिवशी जाळी काढली, तर दादा पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा टाकीभर हिंडला. कुणाला मारायचं तेच त्याला सुचेना.

अकराव्या दिवशी थेक सेंग आला. बायकोकडे न बघता थेट टाकीपाशी गेला आणि बोटाने मोजू लागला. नऊ. सगळे तांबडे. मग त्याची नजर खुर्चीकडे गेली.

"आई, हे काळं का घातलंयस? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," सासूबाई खुर्चीचा हात धरून उठत म्हणाल्या. "हून, माझा निळा सदरा काढ गं."