चिखलाला वार कळतो

तळघरातल्या त्या खोलीत एकच कायदा होता, आणि तो कुठं लिहिलेलाही नव्हता. कुणी कुणाला विचारायचं नाही, "काम कुठवर आलं?" जो विचारेल त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा, वर कपही विसळायचे. पीएचडी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न म्हणजे दुखऱ्या दाढेवर बोट. मागं एका पाहुण्यानं सहज म्हणून विचारलं, तर शेजारच्या खोलीतला गोगलगाईंवर काम करणारा बाप्या बाथरूममध्ये जाऊन बसला, तो बाहेरच येईना. तेव्हापासून कायदा एकदम कडक.

सगळी इमारतच असल्या मंडळींनी भरलेली. वरच्या मजल्यावर एकजण ताटलीतलं शेवटचं बिस्कीट माणसं का उचलत नाहीत त्याचा शोध लावतोय. त्याच्या पलीकडं एक बाई मेलेल्या ताऱ्यांची धूळ कागदावर तोलतेय. एकाला नदी ह्याच अंगाला का वळली ह्याची काळजी, आणि ती इतकी, की खायला बसला तरी वरणात बोट फिरवत बसतो. जागा पुरेना म्हणून उरलेसुरले तिघं तळघरात ढकललेले.

त्यातला थोरला म्हणजे काका. चाळिशी ओलांडलेली, केस मागं सरकलेले. चांगला शाळेत विज्ञान शिकवत होता, पण काय खाज सुटली कोण जाणे, नोकरी सोडून तळ्याच्या चिखलामागं लागला. चिखल कुजतो, त्यातून गॅस सुटतो, त्याचे बुडबुडे वर येतात. ते कधी येतात आणि किती येतात, एवढंच बघायचं. काचेच्या बरण्यांत चिखल, त्यावर पाणी, वर बुडबुडे मोजायचं यंत्र, आणि पुढ्यात काका.

दुसरी कानवाली. तिच्याकडं एक जाडजूड दगडी लादी, लादीवर एक डबा. जमिनीच्या पोटात खडक जरा जरी हलला तरी डब्याला ऐकू जातं. मुंगी शिंकली तरी कळेल, असा तो डबा. म्हणून तिनं खोलीत पंखा बंद, हीटर बंद, चपला बाहेर, असा जाच लावलेला.

तिसरा भोचक्या. शेजारीपाजारी एकमेकांबद्दल काय बोलतात आणि काय लपवतात, हा त्याचा विषय. जगाला प्रश्न विचारून पिडणारा हा माणूस खोलीत मात्र कायदा पाळून गप्प.

तर तीन वर्षं तिघं एकाच खोलीत राबली, आणि कोण नक्की काय करतंय हे एकालाही धड ठाऊक नव्हतं.

आता काकाची वेळ भरत आली होती. समितीनं मागच्या वर्षी मुदत वाढवून दिली होती आणि ही शेवटची, असं बजावलं होतं. घरीही तेच. बायको दवाखान्यात नर्स, घर तिच्या जिवावर चाललेलं. तिनं एकदा शांतपणे सांगून टाकलं, "अहो, ह्या वेळी समितीपुढं काहीतरी ठेवा. नाहीतर दादाच्या टायरच्या दुकानात बसायचं. मी शब्द दिलाय त्याला." ती ओरडली असती तर काकानं वेळ मारून नेली असती. शांतपणे म्हणाली, म्हणून तो घाबरला.

पण काका आता घाबरत नव्हता. त्याला घबाड सापडलं होतं. एरवी चिखल सुस्त पडलेला असायचा. मंगळवार आणि शुक्रवार आला, की बुडबुड, बुडबुड, दुप्पट! वर्षभर हेच. काकानं पाणी बदललं, बरण्या बदलल्या, यंत्र बदललं. चिखल काही वार चुकवेना. तळ्यातल्या बारीक जीवांना आठवडा कळतो, असलं जगात कुणी म्हटलं नव्हतं. काका स्वतःवरच खूश. लेकीला सांगितलं, तिनं शाळेत जाऊन सांगितलं, आणि तिला सगळा वर्ग हसला.

समितीच्या आदल्या दुपारी त्याला वाटलं, एकदा कुणापुढं तरी बोलून बघावं. आरशापुढं बोलून बघितलं होतं, पण आरसा मान डोलवत नाही. शेवटी त्यानं निमूट चहा ठेवला, तीन कप भरले आणि दोघांपुढं ठेवले.

कानवाली दचकली. "काका, कुणी विचारलं?"

"कुणी नाही. मीच दंड भरलाय आधी. आता ऐका. आणि तुमचंही सांगा मला."

"मरायला टेकलास काय?" भोचक्या म्हणाला.

काकानं सगळं सांगितलं. हात वर करून, जोशात. "आणि म्हणून मी म्हणतो, चिखलाला वार कळतो! मंगळवार आणि शुक्रवार!"

टाळी कुणी वाजवली नाही. भोचक्याचा कप तोंडापाशी जाऊन थांबला होता.

"मंगळवार, शुक्रवार," तो हळूच म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी तू तळ्यावर जातोस. आणि ही वर पोरांना शिकवायला."

"बरं मग?"

"मग खोली रिकामी असते. मी इथं माणसं बोलावतो. मुलाखती घेतो." त्यानं कानवालीकडं चोरासारखं बघितलं. "हे तळघर बारा महिने गार, आणि थंडीत माणूस तोंड उघडत नाही गं. म्हणून वरून हीटर आणतो. सकाळपासून लावतो. चांगलं उबदार झालं, की माणसं बोलतात."

"हीटर?" कानवाली उठून उभी राहिली. "माझ्या खोलीत हीटर?"

काकाला काही ऐकूच येत नव्हतं. तो बरण्यांकडं बघत होता. ऊब लागली की चिखल जास्त कुजणार आणि जास्त गॅस सोडणार, हे तर तो शाळेत सातवीला शिकवायचा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण बोलतात कुठं?" भोचक्या आपल्याच नादात. "दोन वाक्यं बोलतात आणि रुमाल काढतात. डोळे पुसतात, तोंड झाकतात, उठून जातात. शेजाऱ्यांचा विषय काढला की माणसं गलबलतात, हाच माझा प्रबंध. अर्धा लिहून झालाय."

कानवालीनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुला वास येतो का रे?"

"कसला? माझं नाक लहानपणापासून बंदच."

"अरे गाढवा, तापलेल्या चिखलाचा! कुजक्या अंड्याची घाण सुटत असणार! ती माणसं रडत नव्हती, नाक दाबून पळत होती!"

भोचक्या मटकन खाली बसला. कानवालीला हसू फुटलं. ती हसली, पोट धरून हसली, आणि हसता हसता एकदम थांबली. तिची नजर बरण्यांच्या खाली गेली.

"काका, ह्या बरण्या कुठं ठेवल्यात तुम्ही?"

"तुझ्या लादीच्या टोकाला. जागा नव्हती, आणि तुझा डबा काही सगळी लादी वापरत नाही. चिखल काय, गप्प पडलेला असतो."

"गप्प?" ती रडकुंडीला आली. "वर्षभर मला टिपटिप ऐकू येतंय! खोलातून, बारीक! दोन दिवस जोरात! मी गाइडना सांगितलं, खडक ताणला जातोय म्हणून! त्यांनी परदेशात पत्रं धाडली!"

काका म्हणाला, "बुडबुडे ते."

चहा तसाच गार झाला.

शेवटी भोचक्याच सावरला. "काका, तुझं उद्या आहे. आमचं पुढं कधीतरी. उद्या तू हीटरचं बोलू नकोस. समितीला काय दिसणार? वार दिसणार, बुडबुडे दिसणार. कळणार कुणाला?"

"आणि मग?"

"मग पास. टायर टळले."

काकाला मोह झाला, खोटं कशाला सांगू. घरी जाताना वाटभर तो तेच घोळवत होता. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. आकडे खरे, वार खरे. पण मग डोळ्यांपुढं कुठलं तरी दुसरं गाव आलं, आणि त्या गावात कुणीतरी त्याचं वाचून बरणी मांडून बसलेला, मंगळवारची वाट बघत. चिखल ढिम्म. तो बिचारा पाणी बदलतोय, बरणी बदलतोय, बायकोला उद्याचा वायदा देतोय. काकाला त्या न बघितलेल्या माणसाची भारी दया आली.

संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली, तशी त्यानं सगळं ओकून टाकलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे चिखलाला वार कळत नाही."

"नाही."

"देवा, सुटले!" ती खुर्चीत बसली. "अहो, वर्षभर मला धास्ती. चिखल बिघडला असता तर चाललं असतं. मला वाटत होतं तुम्हीच बिघडलात. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारणार होते मी, आडून आडून."

"उद्या खरं सांगितलं तर हाकलतील मला."

"हाकलतील तर हाकलतील. टायर आहेतच," ती म्हणाली, आणि उठून कणीक मळायला लागली. काकाला तिच्या पाठीवरून काही कळेना.

दुसऱ्या दिवशी समितीपुढं काकानं पहिलंच वाक्य टाकलं, "मी वर्षभर मूर्खपणा केला." मग हीटर, रुमाल, लादी, सगळं सांगितलं. समितीतले दोघं खाली मान घालून हसत होते. तिसऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "खोली किती तापायची?"

"थोडीशीच. स्वेटर काढावा इतपत."

"आणि बुडबुडे दुप्पट? तेवढ्यानं?" बाई पुढं सरकल्या. "अहो, तळी तापत चाललीत. कोणता चिखल किती उबेला किती गॅस सोडतो, हे आम्हाला पाहिजेच आहे. तुम्ही वार कसले मोजत बसलात?"

काका उभ्या जागी घामाघूम. सहा महिने मिळाले. पण नीट करायचं. हीटर चोरून नाही, उघड लावून, रोज मोजून. पुन्हा मुदत नाही. आणि बरण्या लादीवरून हलवायच्या, हे कानवालीच्या गाइडनं स्वतः येऊन सांगितलं, जरा मोठ्या आवाजात.

घरी आला तेव्हा बायको फोनवर होती. दादाच होता पलीकडं. काका दारातच थांबला. सहा महिन्यांचं तिला कसं सांगायचं, ह्याची जुळवाजुळव तो रस्ताभर करत आला होता. त्यानं नुसती सहा बोटं दाखवली आणि खाली बघितलं.

ती बोटांकडं बघत राहिली. तिकडून दादाचा आवाज येतच होता, एक तारखेपासून पाठव, गल्ल्यावर बसवतो.

"नाही दादा," ती म्हणाली. "नाही येत ते एक तारखेला... अरे ऐक ना. नाही, काही झालेलं नाही त्यांना, चांगले धडधाकट आहेत. तळी तापायला लागलीत, माहितीये का तुला? तापली की तळाचा चिखल गॅस सोडतो... हसू नकोस! हसतोस काय? तुला टायर सोडून काय कळतं रे? नीट बस, मी सांगते."

आणि खुर्ची ओढून ती सांगायला बसली.