अंधारलेली वाटी

मी प्लेट रीडर बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी काम एकच, प्रकाश मोजणं. माझ्यात सरकवतात त्या काळ्या प्लेटमध्ये शेकडो इवल्या वाट्या असतात. प्रत्येकीत एन्झाइम, एक वेगळं रसायन आणि एन्झाइमने तोडलं की चमकू लागणारं द्रव्य. एन्झाइम काम करत असेल तर वाटी उजळते. एखाद्या रसायनाने ते बंद पाडलं, तर अंधार. आम्ही सगळे त्या अंधाराच्याच शोधात असतो, कारण औषध तिथेच सापडणार.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! आता डोक्यावर जुनी खोकी असतात आणि येता-जाता साहेब विचारतात, "हे धूड कधी हलवायचं?"

मला जपते ती फक्त ताई, आमची संशोधक. तिचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळलाय, तो याच एन्झाइमने शरीरात धुमाकूळ घातल्यामुळे. म्हणून ती हात धुऊन त्या एन्झाइमच्या मागे लागलीय.

परवा एक वाटी काळीकुट्ट निघाली. साहेब हरखले. "सापडलं! घरी कळव आधी."

ताईने फोन उचलला आणि परत ठेवला. "सर, या वाटीतल्या रसायनाची पूड विटकरी आहे. तिचा रंगच उजेड गिळत असेल तर?"

"अगं, हातातोंडाशी आलेला घास कशाला घालवतेस?"

"भाऊ माझा आहे, सर. त्याला खोटा घास नाही भरवायचा मला."

तिने एन्झाइम घातलंच नाही. आधीच तोडलेल्या, चमकणाऱ्या द्रव्यात ती पूड मिसळली आणि प्लेट माझ्यात सरकवली. मी मोजलं. उजेड तिथेही विझला होता. म्हणजे पूड एन्झाइमला थांबवत नव्हतीच, नुसता प्रकाश खात होती. मला फार वाईट वाटलं. पण कुणाचं मन राखायला आकडे फिरवणं मला जमत नाही.

तेवढ्यात भावाचाच फोन आला.

"ताई, लागलं का काही हाती?"

"नाही रे. एक लबाड तेवढा पकडला."

"मग आता?"

"आता काय, उरलेली रसायनं बघायची. वेळ लागेल."

"लागू दे की. मी कुठे पळून चाललोय?"

दोघं खळखळून हसली. फोन ठेवल्यावर ताईने बाहीने डोळे पुसले आणि नवे हातमोजे चढवले.

माझा दिवा मंदावलाय, ट्रे कुरकुरतो. साहेब, मला भंगारात जरूर काढा, पण तो खरा अंधार सापडल्यावर. तोवर मी जागचा हलणार नाही. ताई, आण ती पुढची प्लेट.