शेरूची दाढ

सौंदडजवळच्या त्या गावात केवळरामचा शेरू सगळ्यांच्या ओळखीचा. धानाच्या बांधीत रानडुक्कर शिरलं की एकटा पिटाळून लावायचा. त्या सकाळी मात्र तो गुरांच्या कोठ्याच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता. लाळ गळत होती, आणि कोणी जवळ गेलं की गुरगुरायचा.

"पिसाळला हा," कोणीतरी म्हणालं, आणि बघता बघता काठ्या गोळा झाल्या.

रुक्माबाईची रश्मी आदल्या दिवशीच सुटीवर आली होती. जनावरांची डॉक्टर होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. ती पास झाली तेव्हा केवळरामच म्हणाला होता, "एवढं शिकून ढोरा-कुत्र्यायचीच डॉक्टर झाली का?" ते बोलणं रुक्माबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. आणि आज रश्मी हातातला चहा तसाच ठेवून त्याच केवळरामच्या अंगणात निघाली.

"रश्मे, जाऊ नको! चावंन तो!" म्हणत रुक्माबाई मागं धावली.

रश्मी लांबच थांबली. "मामा, पाणी पिते का हा?"

"पिते ना. पण भात तोंडात घेते न टाकून देते."

"तुमाले ओळखते?"

"माह्यावर नाई गुरगुरत, बापा." केवळरामच्या हातातही काठी होती. "लस बी टोचली होती औंदा."

रश्मी वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "डाव्या डोळ्याखाली सूज पाहा. मले वाटते दाढ सडली, आतून पू झाला. काठ्या ठेवा खाली."

कोणी ठेवेना. तशी ती काठ्या आणि कुत्रा यांच्या मधे जाऊन उभी राहिली. रुक्माबाईनं तिचा हात धरून ओढला. पण पोरगी हलली नाही. शेवटी केवळरामनंच आपली काठी फेकली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं शेरूचं तोंड बांधलं.

मालवाहू ऑटोतून त्याला सडक अर्जुनीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रुक्माबाई न सांगता गाडीत चढली होती. तिथल्या डॉक्टरांनी तपासून मान डोलावली, टेबल मोकळं करून दिलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं. केवळरामला बघवेना. रश्मी म्हणाली, "आई, डोकं तू धर."

रुक्माबाईनं धरलं. ओठ वर केला तर दातांवर पिवळं कीटण दगडासारखं साचलेलं, हिरड्या सुजून लाल. वरची मोठी दाढ तीन मुळांची. रश्मीनं ती कापून एकेक मूळ सोडवलं. घाईत नाही, घाबरून नाही. शेवटचं मूळ निघालं तसा पू आणि रक्त भसकन आलं, रुक्माबाईच्या पदरावर उडालं. लेक काय काम करते ते तिनं आजवर फक्त ऐकलं होतं. आज ते तिच्या हातांत घडत होतं. खालचे दोन हलते दातही काढावे लागले.

"आता मऊ भात कालवून द्या काही दिवस," रश्मीनं केवळरामला सांगितलं. "आणि याचं तोंड उघडून पाहत जा अधूनमधून."

शेरू शुद्धीवर आला आणि त्यानं केवळरामचा हात चाटला. गाडीत बसताना केवळरामनं ऑटोवाल्याला बजावलं, "हळू चालव, भाऊ. गाडीत आमच्या गावची डॉक्टर हाय."

गावात उतरल्यावर रुक्माबाई लुगडं बदलायला घरी गेली नाही. रक्ताचा तो पदर खांद्यावर तसाच ठेवून ती थेट बोअरिंगवर गेली. तिथं बाया पाणी भरत होत्या.

"काय झालं वं, रुक्माबाई?" एकीनं विचारलं.

"बसा," रुक्माबाई म्हणाली, "सांगतो."