यादीतला पोहणारा

“पप्पा, तुम्हाला खरंच पोहता येतं का?”

डिंपलनं विचारलं आणि लाकडी बडगीत वांगी ठेचणारा हितेंद्रभाऊंचा हात जागच्या जागी थांबला. सावद्याच्या शिवारात, केळीच्या बागेकडेला भरीत पार्टी अगदी रंगात आली होती. तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास चार बांध ओलांडून गेला होता, कढईत पुऱ्या टम्म फुगत होत्या आणि हितेंद्रभाऊंचे तीन जिवाभावाचे मित्र कांद्याची पात मोडत बसले होते. अशा शुभ वेळी कोणी आपल्या बापाला असलं काही विचारतं का? पण डिंपलनं विचारलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. कारण पैजच तशी लागली होती.

“ऐका!” हितेंद्रभाऊ नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं हसले. “मले काय विचारते? तापीले विचार!”

“पोरी, तुह्या बापानं भर पुरात तापी पार केली आहे,” ललितकाका म्हणाले. “बगलेत वासरू घेऊन!”

“दोन वासरं,” वनाआबांनी दुरुस्ती केली.

“मागच्या वर्षी एकच होतं,” डिंपल म्हणाली.

“दरसाल पूर वाढतो, मग वासरं नको वाढायला?” लोटनकाकांनी निकाल दिला आणि हसण्याच्या लोंढ्यात तिचा प्रश्न वाहून गेला.

पण एक गोष्ट डिंपलच्या नजरेतून सुटली नाही. पप्पांनी भरतात मीठ टाकलं, उगाच इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा एकदा मीठ टाकलं. त्या दिवशी भरीत बरंच उरलं आणि पाण्याचा माठ मात्र दोनदा भरावा लागला.

पैज शाळेतली होती. डिंपल नववीत. दिवाळीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज बाकाखाली पडायचा. मग वक्तृत्व स्पर्धेत ‘माझा आदर्श’ या विषयावर तिला दुसरं बक्षीस मिळालं आणि आवाज जो बाहेर आला, तो आत जायचं नाव घेईना. भाषणात अर्थातच पप्पा होते, तापी होती, पूर होता आणि हंबरणारं वासरू होतं. बाईंनी डोळे पुसले. टाळ्या वाजल्या. फक्त नूतन, जिच्या मामाचं गाव नदीकाठी आहे, ती मधल्या सुट्टीत शेंगा सोलत म्हणाली, “तू स्वतः पाहिलंय का गं त्यांना पोहताना?”

डिंपलनं आठवून पाहिलं. विहिरीत मोटार अडकली की पप्पा दुसऱ्या कोणाला तरी उतरवायचे आणि स्वतः काठावरून सूचना द्यायचे. हतनूर धरणावर सगळे पाण्यात शिरले होते तेव्हा त्यांनी पँट घोट्यापर्यंत दुमडली होती आणि ‘पाणी लई गार आहे’ असं जाहीर करून चपला सांभाळत बसले होते.

“हिंमत असेल तर विचार. चारचौघांत,” शेजारी बसलेली मैत्रीण किरण म्हणाली. आता हिंमत हा शब्द डिंपलसमोर काढायचा म्हणजे गायीसमोर हिरवा चारा धरायचा.

सोमवारी दोघी वाटच पाहत होत्या. “काय म्हणाले?”

“तापीला विचार, म्हणाले.”

“म्हणजे नाही,” नूतननं शेंग फोडली.

एरवी हे इथंच संपलं असतं. ज्या बापाला पोहता येत नाही तोही बापच असतो. पण पुढच्या शुक्रवारी हे चार वीर कोकणात निघाले होते, समुद्रात मासे धरायला! पप्पांनी फोनवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. छोटी होडी, चहूकडे पाणी, किनारा दिसेनासा झालेला आणि एक माणूस गळाला लागलेला हातभर मासा ओढतोय. बस्स. तेव्हापासून केळीला पाणी देतानाही त्यांचे हात गळ ओढल्यासारखे व्हायचे. गंमत म्हणजे चौघांपैकी एकानंही जन्मात मासा खाल्लेला नव्हता.

“खायचा नाही तर धरायचा कशाले?” मम्मीनं विचारलं होतं.

“धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा.”

“अन् त्यानंच तुम्हाले धरलं तर?” मम्मी म्हणाली. “घरात मासा आणला तर मासा बाहेर आणि तुम्ही बी बाहेर.”

होडीवाल्याशी बोलायचं काम डिंपलकडे आलं, कारण फोनवर मराठीत भराभर लिहिणारी घरात तीच. फोन उचलला नाखव्याच्या बायकोनं. नाखवा पाण्यात असला की धंदा या मावशीच बघायच्या.

“यादी पाठव गो बाय,” मावशी म्हणाल्या. “नाव, वय, वजन. आणि प्रत्येकापुढे लिही, पोहता येतं की नाही.”

“पोहता येतं त्यांनाच नेता का?”

मावशी खळखळून हसल्या. “उलट बाय! ज्याला पोहता येतं त्याचीच मला भीती. तो जॅकेट काढून बुडाखाली घेतो. ज्याला येत नाही तो गुमान घालून बसतो. किनारा दिसत नाही तिथून पोहत कोण येणार आहे?”

डिंपलनं वहीच काढली. मावशी सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. होडी लहान, सहा पाहुण्यांचीच, सातवा बसला तर होडी निघत नाही. उभं राहायचं नाही. मासा लागला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. “होडी लाटेनं कमी उलटते, फोटोपायी जास्त.” वारा फिरला तर मासे लागत असले तरी परत. तिकडं फोनला रेंज नाही, म्हणून यादी किनाऱ्यावर मावशींकडे. दुपारपर्यंत माणसं परतली की त्या एकेक नाव खोडतात. नाव खोडायचं राहिलं तर लगेच दुसऱ्या होड्या शोधायला निघतात.

“आणि पोहण्याचं कशाला लिहायचं मग?”

“कोणी पाण्यात पडला तर पहिली दोरी कोणाकडे टाकायची ते नाखव्याला कळायला हवं ना. आणि दुसऱ्याला काढायला उडी कोणी मारायची तेसुद्धा. खोटं लिहिलंस तर दोरी चुकीच्या माणसाकडे जाईल हां.”

फोन ठेवला तेव्हा डिंपलची वही भरली होती.

संध्याकाळी तिनं पप्पांना बागेत गाठलं. आता चारचौघं नव्हते. केळीचे घड होते, पण ते चहाड्या करत नाहीत.

“पप्पा, यादीत तुमच्या नावापुढे काय लिहू?”

हितेंद्रभाऊ एका केळीचं वाळलेलं पान कापत होते. ते कापून झालं, मग त्यांनी एक हिरवंही कापलं. “लिही, येतं.”

“पप्पा.”

“आता तुले काय सांगू…” ते बांधावर टेकले. “चौदा वर्षांचा होतो. वासरू वाहून चाललं, त्याच्यामागं गाय घुसली. अन् मी गायीचं शेपूट धरलेलं. सोडायचं सुचलंच नाही, तं काय करू? डोळे मिटले ते पलीकडच्या काठाले उघडले.”

“म्हणजे वासरू तुम्ही नाही काढलं?”

“गायीनं मले काढलं.”

डिंपलला इतकं हसू आलं की ती बांधावरून घसरली. पप्पाही हसले, पण अर्धेच.

“पलीकडच्या लोकांनीच सांगायला सुरुवात केली की पोरानं वासरू काढलं. मी फक्त नाही म्हटलं नाही. एका वर्षी नाही म्हणायचं राहिलं की पुढच्या वर्षी म्हणता येत नाही, बेटा. चार माणसांत इज्जत आहे. तू ‘येतं’ लिही. जॅकेट घालीन ना मी, त्यात काय एवढं?”

डिंपल कपड्यांची माती झटकत उठली. तिला आपलं बक्षीस आठवलं. ते गायीचं होतं, हे आता कोणाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी ललितकाकांची मोटारसायकल उभी. काकांनी आधी तिला रसवंतीत नेऊन रस पाजला, मग घसा खाकरला.

“यादी तूच करते ना? माझ्यापुढं ‘नाही’ लिही. मले पोहता येत नाही. पण हितूले सांगू नको हं, हसतो तो.”

“मग समुद्रात जाता कशाला, काका?”

“हितू आहे ना! पुरात वासरू काढलं, मले काय सोडतो का?”

डिंपलनं उरलेला रस तसाच ठेवला.

रात्रीच्या जेवणाआधी धुळ्याहून लोटनकाकांचा फोन आला. त्यांची केळीची गाडी भरणं सुरू होतं, त्या गलक्यातही ते कुजबुजत होते. “माले पव्हता येत नही, बेटा. पन तुना बाप शे ना, मंग बठ्ठं बेस शे, काही चिंता नही. कोनले सांगू नको.”

आणि सकाळी दूध घेऊन वनाआबा स्वतः दारात! वय बासष्ट, वजन पंचाण्णव. त्यांनी पप्पा अंघोळीला गेल्याची खात्री करून घेतली. “पोरी, मी पाण्यात पडलो तं दगडासारखा जाईन. तुह्या बापाले मी मनातल्या मनात सांगून ठेवलं आहे, की बाबा, पहिले मले काढ. दोन वासरांयेवढाच तं भरीन मी!”

डिंपलनं दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं. गुपित एकट्याचं असतं तेव्हा ते हसण्यावारी नेता येतं. पण इथं तीन दणकट माणसं एका माणसाच्या भरवशावर होडीत चढणार होती, आणि त्या माणसाचा भरवसा होता एका गायीवर, जी वारून वीस वर्षं झाली होती. वनाआबा पाण्यात पडले तर पप्पा काय करतील, हे तिला पक्कं माहीत होतं. हाक ऐकली की ते उडी मारतील. येत नाही, हे त्यांच्या लक्षातच राहणार नाही. शेपूट सोडायचं ज्याला सुचलं नाही, त्याला काठावर थांबायचं कुठून सुचणार?

तिनं यादी लिहिली आणि पाठवली. लगेच मावशींचा फोन आला. त्यांनी सांगितलेलं तिनं वहीत उतरवून घेतलं.

पप्पा अंघोळ करून चहाला बसले. मम्मी खारी काढत होती. डिंपल वही घेऊन त्यांच्यासमोर भाषणाला उभी राहावी तशी उभी राहिली.

“आता काय नवीन?” मम्मी म्हणाली. “पहिलं बक्षीस पाहिजे का?”

“मम्मी, पप्पांना पोहता येत नाही.”

“मग? मले लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. नळाचा पाइप फुटला तं खाटेवर चढून बसले होते.”

“तुले माहीत होतं?” हितेंद्रभाऊंची खारी चहात बुडाली. “अन् तू कधी बोलली नाही?”

“तुम्ही वासरं वाढवत होते, मी कशाले मधात पडू?”

“हसू नका,” डिंपल म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की मम्मीही थांबली. “पप्पा, नावं विचारू नका, मी शब्द दिलाय. पण तुमच्याबरोबर येणाऱ्या तिघांपैकी तिघांना पोहता येत नाही. आणि तिघंही फक्त एवढ्यासाठी येताहेत की, बुडायला लागलो तर हितूभाऊ काढतील.”

हितेंद्रभाऊंनी कप खाली ठेवला. बुडालेली खारी त्यांनी चमच्यानं बाहेर काढली. “वनाआबा बी?” त्यांनी हळूच विचारलं.

“नावं विचारू नका म्हटलं ना! तर माझं ठरलंय, दोघंही ऐका. यादी मी पाठवून दिली आहे, आणि तुमच्यापुढे ‘नाही’ लिहिलंय. सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहिलंय. मावशी म्हणाल्या, एवढी खरी यादी त्यांना कधीच आली नव्हती. पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना जॅकेट घालून काठाशी कमरेइतक्या पाण्यात उतरवणार, तरंगायला शिकवणार, आणि कोणी पडलं तर मागून कोणीच उडी मारायची नाही, फक्त दोरी टाकायची, हे घोकून घेणार. मगच होडी. गाडीत बसल्यावर तुम्ही स्वतः त्या तिघांना गायीची गोष्ट सांगायची. खरी, शेपटासकट. आणि तुम्ही ती गाळू नये म्हणून यादीत पाचवं नाव मी लिहिलंय: डिंपल, वय चौदा, वजन एकेचाळीस, पोहता येत नाही. मी येतेय.”