जावयाच्या वाटेत

नापंगार्डीनं जावयाचं तोंड लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं, आणि पाहण्यासारखं त्यात काही असेल असं तिला वाटतही नव्हतं. पाठ मात्र पुष्कळदा दिसायची. सासू येताना दिसली की तो वळायचा, तो दिसला की ती डोक्यावरून ब्लँकेट ओढायची. वस्तीतल्या सगळ्याच सासू-जावयांचं असं होतं. पण इतरांच्या जावयांच्या पाठी निदान कामानं वाकलेल्या असत. हिच्या जावयाची पाठ कायम कुणाच्या तरी गाडीला टेकलेली.

त्याचं नाव तिला घेता येत नव्हतं. जुंगारायी हे त्याचं कुळनाव, जन्मानंच मिळालेलं. कोणी कोणाचा काय लागतो, कोणाशी बोलायचं, कोणासमोर यायचं नाही, हे वस्तीत कुळनावावरूनच ठरायचं. पण नापंगार्डीला तेही तोंडात घोळवायची इच्छा नसे. ती ‘टोपीवाला’ म्हणायची.

टोपी अ‍ॅलिस शहरातून आली होती. टोपीबरोबर एक नोकरीही आली होती. पाहुण्यांची बस घेऊन यायची आणि भोंग्यातून बोलत राहायचं.

“काय बोलतो तरी काय?” नापंगार्डीनं एकदा सुनेला विचारलं.

“सांगतो, मी इथला जाणता म्हातारा आहे.”

“म्हातारा? पुढचे दोन दात फुटबॉलमध्ये पडले म्हणून?”

सून खाली मान घालून हसली. तिचं नाव इसोबेल, आणि ती त्या टोपीवाल्याची सख्खी बहीण. तिकडची पोरगी इकडे आणि इकडची तिकडे, असं साटंलोटं होतं. त्यामुळे जावयावरचा राग काढायचा तर सुनेपुढेच काढावा लागे, तोही तो आसपास नाही याची खात्री करून.

त्या दिवशी इसोबेल चहाचा डबा विस्तवावर ठेवून नुसतीच बसून राहिली.

“बोल की. तोंडात निखारा धरलायस का?”

“आत्या, तो उद्या पाहुण्यांना खिंडीमागच्या झऱ्यावर नेणार आहे.”

नापंगार्डीनं राखेतून काढलेली रोटी झटकता झटकता तशीच हातात धरली. खिंडीमागचा झरा तिच्या बापाच्या जमिनीतला, आणि झरा बायकांचा. तिच्या सख्ख्या भावानंसुद्धा तिथलं पाणी कधी पाहिलं नव्हतं.

“कोणाला विचारलं त्यानं?”

“म्हणाला, बायकोच्या आईची जमीन ती माझीच.”

“वा! मग बायकोच्या आईचे दातही काढून लाव म्हणावं, बोळक्यात शोभतील.”

बापाची जमीन लेकीची, पण ती राखायची लेकीच्या मुलांनी. म्हणजे नाही म्हणायचं काम नापंगार्डीच्या मुलाचं, कालेबचं. ती तडक त्याच्याकडे गेली. कालेब गाडीखाली निजून काहीतरी पिळत होता.

“आई, तो मेहुणा पडतो माझा,” तो गाडीखालूनच म्हणाला. “त्याची बहीण माझ्या घरात. उगाच तंटा कशाला? एक दिवस येतील, फोटो काढतील, जातील.”

“उद्या तुझ्या आजीच्या थडग्यावर चहा पितील, तेव्हाही गाडीखालीच शिर.”

कालेब बाहेर आला नाही. ती थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघत उभी राहिली. चांगले दणकट पाय होते. नुसते पायच होते.

सकाळी ती ब्लँकेट घेऊन इसोबेलच्या गाडीत जाऊन बसली. “खिंडीपाशी सोड मला.”

“आत्या, हे बरं नव्हे. सासूनं आपणहून जावयाच्या वाटेत बसायचं? त्याच्यापेक्षा तुमचीच लाज जाईल. लोर्नामावशी काय म्हणतील?”

“माझ्या त्या बहिणीला म्हणण्यापलीकडे येतं काय? चल.”

खिंडीच्या तोंडाशी, मुल्गाच्या झाडाखाली, ती रस्त्याकडे पाठ करून बसली. इसोबेलनं विस्तव पेटवून दिला. ऊन चढू लागलं. लहान होती तेव्हापासून जावयांच्या वाटेवरून बाजूला होणं हेच नापंगार्डीला ठाऊक होतं. तिच्या आईचा जावई वाटेनं येतोय असं कुणी नुसतं म्हटलं तरी आई काटेरी गवतात शिरायची. आणि ही इथे ठाण मांडून बसली होती.

बसच्या आधी भोंगा ऐकू आला. “माझ्या आज्यांनी मला इथल्या गोष्टी सांगितल्या...” नापंगार्डीला थुंकावंसं वाटलं. त्याच्या दोन्ही आज्या दुसऱ्याच मुलखातल्या होत्या, आणि दोघींनाही हा पोरगा आळशी वाटायचा.

मग भोंगा मध्येच बंद पडला. बस थांबली.

“दिसलात तुम्ही त्याला,” इसोबेल पुटपुटली.

“काय करतोय?”

“बसच्या मागे पळाला.”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पाहुणे खाली उतरले. पांढरी टोपी घातलेली एक बाई फोटो काढू का विचारत जवळ आली. इसोबेलनं तिला हातानंच मागे घालवलं. नापंगार्डी ब्लँकेटच्या आत कान टवकारून बसली होती.

“पुढे जाऊ या की, म्हातारी रस्त्याच्या कडेला तर आहे,” ड्रायव्हर म्हणत होता.

“रस्ता वाहून गेलाय,” बसमागून आवाज आला.

“वाहून? इथे?” कोणीतरी हसलं. खरंच, महिन्यांमागून महिने तिथे थेंब पडला नव्हता. रस्ता समोर लख्ख दिसत होता.

“ती बाई कोण आहे?” पांढऱ्या टोपीवाल्या बाईनं त्याला विचारलं.

त्याला सासूचं नाव घेता येत नाही, नातं सांगायचं तर जीभ वळत नाही. भोंग्यावरचा जाणता म्हातारा पाहुण्यांदेखत बसमध्ये शिरला, दोन बाकांमधल्या जागेत आडवा झाला आणि टोपी तोंडावर घेऊन पडून राहिला. इसोबेल बसच्या उघड्या दारातून हे सगळं बघून सासूला सांगत होती, आणि सांगता सांगता तिला रडू यायला लागलं. भाऊ होता शेवटी.

बस वळून निघून गेली. नापंगार्डीनं चहा ओतून घेतला.

संध्याकाळपर्यंत वस्तीत सगळ्यांना कळलं. तिला वाटलं होतं, लोक टोपीवाल्याला हसतील. हसले, पण तोंड फिरवलं ते तिच्याकडूनच. तिची धाकटी बहीण लोर्ना आपलं अंथरूण उचलून दुसऱ्या विस्तवाजवळ गेली.

“जावयाच्या वाटेत बसणारीजवळ मी झोपत नाही.”

“नको झोपूस. घोरण्यातून सुटका झाली.”

लेक ट्रूडी आली ती उभ्याउभ्याच बोलली. “नोकरी गेली त्याची. सगळ्यांसमोर त्याचं तोंड काळं केलंस, आई.”

“त्याचं तोंड मी बघितलंय कुठे? काळं की गोरं, तुलाच ठाऊक.”

“तो पुढे जाऊ शकला असता!” ट्रूडी ओरडली. “ड्रायव्हर सांगत होता, चल म्हणून. डोळे मिटून बसला असता आणि तुझ्याजवळून गेला असता, तर तू काय करणार होतीस?”

नापंगार्डीला खरंच काही करता येणार नव्हतं. दगडासारखी बसून राहिली असती, एवढंच. तो आडवा पडला म्हणून बस वळली. इतक्या परक्या लोकांपुढे, पोटापाण्याची पर्वा न करता, तो खोटारडा, आळशी, दातपडका माणूस तिच्यासाठी जमिनीवर पडला होता. हे तिला जावयाच्या सगळ्या अवगुणांपेक्षा जास्त टोचलं. त्याचा मनसोक्त तिरस्कार करायची सोयही त्यानं ठेवली नव्हती.

कालेबला मात्र लाज वाटली. दोन-तीन दिवसांनी तो गाडीखालून निघाला, खिंडीच्या वाटेवर त्यानं साखळी लावली आणि मेहुण्याला जाऊन सांगितलं, तो झरा बायकांचा आहे, पुन्हा नाव काढायचं नाही. मेहुणा “बरं” म्हणाला म्हणे. नापंगार्डीनं मुलाचं कौतुक केलं नाही. आईनं अब्रू घालवल्यावर मुलाला कंठ फुटला, त्यात कसलं कौतुक!

उन्हाळा तापला. जावई आता दिवसभर वस्तीतच असायचा, आणि वस्तीतला पाण्याचा नळ नेमका नापंगार्डी बसायची त्या सावलीपाशी. त्यामुळे तो दोन्ही हातांत डबे घेऊन शाळेच्या मागून, कचऱ्याच्या खड्ड्याला वळसा घालून पलीकडच्या टाकीवर जायचा. त्याची पाठ तिला रोज दिसायची. शर्ट घामानं चिकटलेला.

एका सकाळी तिनं इसोबेलला हाक मारली. “हे सगळं उचल. अंथरूण, डबा, कुत्री. लोर्नाच्या पलीकडे जाऊन बसू.”

“तिथे तर दुपारपर्यंत ऊन असतं, आत्या.”

“असू दे.” ती गुडघ्यावर हात टेकत उठली. “टाकीपर्यंत वळसे घालता घालता तो मूर्ख कोसळेल कुठेतरी, आणि मग माझ्या लेकीनं डोकं भादरून बसायचं. त्याला सांगू नकोस मी हललेय म्हणून. एवढं दिसतं का त्याला, तेवढं बघू.”

त्याला ते चौथ्या दिवशी दिसलं.