पट्ट्यांच्या आतला नवरा

दुसऱ्याचा आवाज काढणं हा माझा धंदा. स्टुडिओत बसून पडद्यावरच्या माणसांच्या तोंडात माझे शब्द घालतो, आणि रिकामा असलो की मेव्हण्याला त्याच्या साहेबाच्या आवाजात फोन करून सुट्टीच्या दिवशी ऑफिसला पळवतो. त्यामुळे त्या बाई स्टुडिओत आल्या, नवऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि म्हणाल्या, "हा आवाज जमेल?", तेव्हा मला गंमतच वाटली.

अंगावर हिरवं रेशीम, आणि ते सारखं खांद्यावरून घसरत होतं. सावरायची त्यांना घाई नव्हती, नजर वळवायची मला नव्हती.

"ह्यांचा घसा बसलाय. फोनवर दोन-चार माणसांशी बोलायचंय, बस्स."

बोललो. फोन संपले, तरी मी त्यांच्या आठव्या मजल्यावरच्या घरी जातच राहिलो. जाड पडदे, अत्तराचा वास. बाई मला नवऱ्याचा कोट चढवायच्या, एकेक बटण सावकाश लावायच्या आणि तितक्याच सावकाश काढायच्या. "त्याच्या आवाजात बोल ना," कानाशी पुटपुटायच्या. नवरा बाहेरगावी आहे म्हणे. घसा बसलेला माणूस बाहेरगावी कशाला जाईल, हे डोक्यात यायचं. पण अशा वेळी डोक्याला कोण विचारतंय?

एकदा त्यांच्याकडे कॉफी प्यायलो आणि जागा झालो तो तोंडाला, हातांना पट्ट्या. उशाशी बाई. दारात त्यांचा ड्रायव्हर, खिशात हात घालून. काडीसारखा माणूस, पण नाव पहिलवान. खिशात काय आहे ते त्याने मला नीट दाखवलं.

"तू गेलास," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"वर. आमची गाडी पेटली. आत जो सापडला, त्याच्या अंगावर तुझं जाकीट होतं. तुझ्या मेव्हण्याने ओळखलं. फार रडला."

खरं सांगतो, मेव्हणा रडला हे ऐकून आधी बरं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. जळाला तो यांचा नवरा, माझ्या नावाने. आणि मी इथे त्याच्या नावाने, तोंड न भाजताच पट्ट्यांत पडलेला.

"असं किती दिवस?"

"ह्यांची कंपनी विकली जाईपर्यंत."

"आणि मग?"

पहिलवान हसला. काही बोलला असता तर इतकं लागलं नसतं.

अडचण एकच होती, नवऱ्याची धाकटी बहीण. तिचा वहिनीवर काडीचा विश्वास नव्हता. ती भेटायला येणार होती. बाईंनी बजावलं, "त्यांचं जुनं भांडण आहे. तो तिला 'तुम्ही' म्हणतो. 'या, बसा', एवढंच बोलायचं. अगं-तुगं केलंस तर तिला लगेच कळेल."

मला तेवढंच हवं होतं. ओरडलो असतो तर पहिलवानाचा हात बाहेर आला असता. पण आजारी माणसाची जीभ घसरली, तर कोण काय करणार?

दुपारी बहीण आली. पर्स छातीशी धरून दारातच थांबली.

"कसे आहात, दादा?" आवाज एकदम कोरडा.

पहिलवान पडद्यापाशी. बाईंचा हात माझ्या खांद्यावर.

"अगं, ये ना," मी म्हणालो. "दारात काय उभी राहिलीस, वेडाबाई? बस इथे."

बाईंची नखं खांद्यात रुतली. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. म्हटलं, सुटलो एकदाचा.

ती पलंगावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"आई गेल्यापासून मला कधी 'अगं' म्हणाला नाहीस रे." नाक पुसलं. "आणि मी काय काय मनात आणलं. वहिनीनेच काही केलं असेल, म्हणून पोलिसांकडे जाणार होते. लाज वाटते मला."

"लाज कसली, जा की. मी तुझा..."

बाईंचा हात खांद्यावरून गळ्यापाशी सरकला. पहिलवान एक पाऊल पुढे आला.

"...दादाच आहे ना," मी म्हणालो. माझ्याच जिभेने मला आत कोंडून वर कडी घातली होती.

बहिणीने डोळे पुसले, पर्स खुर्चीवर टाकली, चपला पलंगाखाली सारल्या.

"वहिनी, तुम्ही थकला असाल. आता ह्याच्या पट्ट्या सुटेपर्यंत मी इथून हलत नाही. रात्रीसुद्धा."

गळ्यावरचा हात गळून पडला. बाईंनी पहिलवानाकडे पाहिलं, पहिलवानाने बाईंकडे. ह्या पट्ट्या सुटायच्या नव्हत्याच, आणि ही बया तर बसलीच. मला आत हसू फुटलं, ते बाहेर कण्हल्यासारखं आलं.

"दुखतंय का रे?"

"फार दुखतंय गं," मी त्याच्या आवाजात म्हणालो. "तू उठू नकोस. हात धरून बस."